जातं रिकामं वाजलं की

दगडावर दगड घासल्याचा तो आवाज गेणूआबांनी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ते आईच्या पदराखाली असतील. जात्यात दाणा असला की जातं मऊ घुमतं. दाणा नसला की ते गुरगुरतं, आणि ती गुरगुर ऐकणाऱ्याच्या दातांत उतरते. साऱ्या मुलखात रिकामं जातं फिरवणं अशुभ मानतात, घरात मरण येतं म्हणतात. कोंडमुऱ्यात मात्र दळायला बसलेली बाई आधी रिकामं जातंच फिरवते. ते वाजलं की घरातला पुरुष, म्हातारा असो की मिसरूड न फुटलेला, हातातलं काम टाकून तिच्यासमोर येऊन उभा राहतो. तो आलेला तिनं पाहिला, की मग ती जात्यात पहिला घास घालते.

गेणूआबांना लहानपणी यात वावगं काही वाटलं नाही. वडील गोठ्यातून शेणाच्या हातांनी येत. चुलते एकदा अर्धी दाढी करून आले होते. पोरं विटीदांडूचा डाव टाकून पळत. सगळ्या जगात असंच असतं, अशी त्यांची समजूत.

पुढे ते इचलकरंजीला मागावर कामाला गेले. तिथं शेजारच्या खोलीतल्या बाईनं गुळगुळीत झालेल्या जात्याला छिन्नीनं टोचून नवी टाकी लावून घेतली होती आणि ती ते रिकामं फिरवून पाहत होती. गेणू अंघोळीवरून ओल्या पंच्यानिशी धावला आणि तिच्या पुढ्यात मान खाली घालून उभा राहिला. बाई ओरडली. मागून तिचा नवरा आला.

"काय रं, काय पायजे?"

"काय न्हाई. आलोय."

"आलायस ते दिसतंय की. कशापायी?"

नवऱ्यानं बखोटीला धरून बाहेर काढलं, आणि पुढे मागावरचे गडी त्यांना 'आलोय' याच नावानं हाक मारू लागले. गावी परतल्यावर त्यांनी वडिलांना विचारलं. वडिलांनी जे सांगितलं, तेच आबा आता गावावरची घळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगतात. गावाच्या वरच्या अंगाला उघड्या कातळावर एक जातं आहे. त्याच्याभोवती ना भिंत ना छप्पर. त्याच्याशेजारी बसून ते सावकाश सांगतात, आणि मधे कुणी बोललं तर थांबतात.

फार मागली गोष्ट. राज्य कुणाचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, असा तो काळ. घोड्यांवरून पुंडांच्या टोळ्या फिरत. सुगी झाली की गावात शिरत, दाणा नेत, माणसं कापत, उरलेलं जाळत. कोंडमुऱ्यात तेव्हा मोजकीच घरं होती, आणि त्यांचा कारभारी होता सटवाजी. त्याला दोन मुलगे. थोरला हैबती, धाकटा नाना. हैबतीची बायको चिमा.

एका सकाळी खालच्या गावावर धूर दिसला. सटवाजीनं सगळ्यांना वरच्या घळीत चढायला सांगितलं. घळीचं तोंड कारवीच्या झुडपांत असं लपलेलं, की शेजारून गेलं तरी कळू नये. पण चिमाच्या पायावर आदल्या दिवशी बैलानं खूर ठेवला होता. पाऊल सुजून टोपलीएवढं झालेलं. आणि घळीखालचा कडा असा, की चारी हातापायांनी धरून चढावं लागे.

"मी पाठीवर घेतो," हैबती म्हणाला.

"मंजे दोघं पडू," चिमा म्हणाली. "आनि वर जाऊन करनार काय? घळीतनं गाव दिसत न्हाई. पुंड गेलं का बसलंत, कळनार कसं तुमास्नी?"

ते खरं होतं. घळीतून गाव दिसत नव्हतं, हाकही पोचत नव्हती. पोचत होती ती एकच गोष्ट. सटवाजीचं घर ज्या कातळावर, तोच कातळ आत घळीपर्यंत गेलेला. जातं त्याच कातळात बसवलेलं. बायका दळायला बसल्या की घळीत गुरं घेऊन बसलेल्या गुराख्याला ते दगडातून ऐकू येई.

"मी जातं फिरवीन," चिमा म्हणाली. "दाना पडलेला ऐकू आला की या. रिकामं वाजलं की येऊ नका. कुनी बाई रिकामं फिरवत न्हाई, त्यामुळं चुकायचं न्हाई."

"आनि तुला मारलं तर?"

"बाप्याला मारत्यात. बाईला आधी दळाय बसवत्यात. त्यास्नीबी भाकरी लागती." मग ती जरा हसली म्हणे. "तुमच्या आईनं एवढी वर्सं बसवलं, आता पुंड बसवतील."

हैबती जाता जाता मागे वळला. "रिकामं वाजलं तर मी येनार," तो म्हणाला.

"येऊ नका सांगायलाच तर वाजवायचं," ती म्हणाली. "जावा आता."

पुंड आले ते उन्हं अंगणात उतरायच्या आत. धाकोजी नावाचा म्हातारा गुरं सोडून जायला तयार नव्हता, त्याला त्यांनी गोठ्याच्या दारातच भाल्यानं खिळवला. मग घरं उचकली. आणि सटवाजीच्या घरात त्यांना लंगडी बाई सापडली. हे सगळं पुढे एका कुंभारानं सांगितलं, असं म्हणतात. खालच्या गावातून त्याला ओझं वाहायला धरून आणलं होतं, तो नंतर सुटला. तो नसता तर त्या घरात काय झालं ते कुणाला कळलं नसतं.

पुंडांच्या नाईकानं तिच्यापुढं लुटलेल्या जोंधळ्याचं पोतं टाकलं. दळ म्हणाला. चिमानं खुंटा धरला आणि जातं रिकामं फिरवायला लागली.

"दाना टाक."

"टाकी लावलीया कालच," ती म्हणाली. "कच निघू द्या. न्हाई तर भाकरीत खडं येतील. दात पडतील तुमचं."

पुंड झाले तरी ते शेतकऱ्याघरचेच. टाकी लावलेल्या जात्याची कच काढावी लागते हे त्यांना ठाऊक होतं. ते बसले.

वर घळीत गुरगुर पोचली. माणसं भिंतीला टेकली. पोरांच्या तोंडावर बायकांनी हात ठेवले. हैबतीनं जमिनीला कान लावला. तिचा हात त्याला ओळखू येत होता. ती दर फेरीला खुंटा स्वतःकडे ओढताना थोडा झटका देई, तो झटका त्याच्या गालाच्या हाडाला लागत होता.

पण कच काढायला किती वेळ लागावा. एक पुंड उठला आणि त्यानंच ओंजळभर जोंधळा जात्याच्या तोंडात ओतला. आवाज एकदम मऊ झाला.

घळीत सगळ्यांनी तो ऐकला. बायका उठून उभ्या राहिल्या. धाकट्या नानाला भुकेनं धीर नव्हता, तो बाणासारखा सुटला. "मी बगून येतो," एवढं म्हणाला आणि कडा उतरून गेलाही. हैबती त्याच्या मागं निघणार, तोच कातळ पुन्हा गुरगुरला.

खाली चिमानं आपला डावा तळवा जात्याच्या तोंडावर दाबून धरला होता आणि उजव्यानं ती ओढत होती. आतला दाणा संपला, नवा पडत नव्हता. पुंडानं मुसळ घेऊन त्या तळव्यावर मारलं. बोटं मोडली. तिनं हात काढला नाही.

कडा उतरलेल्या नानाला मात्र दगडातून येणारा आवाज ऐकू येईनासा झाला होता. तो शेताच्या बांधावरून धावत आला आणि घोड्यांच्या मधोमध सापडला. त्याला त्यांनी एका घावात मारलं नाही. त्याचं शीर आणून त्यांनी चिमाच्या पुढ्यात ठेवलं, पिठाच्या जागी.

"एक आला मंजे अजून हायेत," नाईक म्हणाला. "कुठं हायेत?"

चिमा जातं फिरवत राहिली.

मग त्यांनी जात्याची वरची तळी उचलली, तिचा उजवा हात खालच्या तळीवर ठेवला, आणि तळी सोडली. कुंभारानं तोंड फिरवलं, पण आवाज त्यानं ऐकला. तो म्हणे म्हातारपणीही चिखल तुडवताना थांबायचा आणि कान झाकायचा.

घळीत गुरगुर थांबली होती. हैबती उठला. सटवाजीनं त्याचे पाय धरले, बापानं लेकाचे. "ही पोरं बग," तो म्हणाला. "तुझा माग काढत हितं आलं तर एक उरनार न्हाई. खूण ती खूण. बस."

आणि पुन्हा सुरू झालं. रिकामंच. पण हैबतीनं कान लावला आणि त्याला कळलं की हात बदललाय. झटका आता उलट्या बाजूला बसत होता, आणि तोही लुळा. डाव्या हातानं कुणी दळत नाही. त्यानं आपला दंड तोंडात धरला आणि रक्त येईपर्यंत चावला, पण तो बसून राहिला.

पुंडांची पांगापांग मात्र त्याच आवाजानं झाली, असं सांगतात. त्यांच्याही आयांनी त्यांना सांगितलेलं होतं, रिकामं जातं मरण बोलावतं. ज्या बाईचा हात चिरडला ती मोडक्या बोटांनी खुंटा ओढते आहे आणि दगडावर दगड ओरडतो आहे, हे त्यांना सोसेना. एकानं तलवार उपसली तेव्हा नाईकच म्हणाला, "नको. हिचं मरान आपल्याला लागंल." उन्हं कलायच्या आत त्यांनी घरं पेटवली, होता नव्हता तो दाणा बैलांवर लादला आणि ते डोंगर उतरून गेले. सटवाजीच्या घराचं छप्पर जळत कोसळलं ते मागच्या पडवीवर, म्हणून ती वाचली.

आता गाव मोकळं होतं. खूण द्यायची होती, दाणा पडल्याची. पण दाणा एकही उरला नव्हता, आणि असता तरी तो टाकायला हात नव्हता. पाय तर आधीच गेलेला. ओरडून उपयोग नव्हता. चिमापाशी जातं होतं आणि ते रिकामं होतं. तिनं तेच फिरवलं. या म्हणून फिरवलं.

आणि वर सगळे गप्प बसून राहिले. रिकामं वाजतंय, येऊ नका म्हणते. संध्याकाळ गेली, रात्र गेली. तिनं सांगितलं होतं तेच ते करत होते. पोरं तहानेनं दगड चाटत होती आणि सटवाजी म्हणत होता, "पोरगी मोठ्या काळजाची. अजून धरून ठेवलंय तिनं."

दुसऱ्या दिवशी ऊन तापलं. हैबतीनं कान उचललाच नव्हता. दोन फेऱ्यांमधे आता अंतर पडत होतं. एक फेरी, मग बराच वेळ काही नाही, मग अर्धी. त्या अर्ध्या फेरीसरशी त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि त्यानं कान उचलला.

"आबा," तो बापाला म्हणाला, "समोर मारनारा असता तर त्यानं एवढं हळू फिरवू दिलं असतं का?"

या खेपेला सटवाजीनं त्याचे पाय धरले नाहीत. हैबती कडा उतरला, पडला, उठला, धावला. बांधावर नानाचं धड होतं, त्यावर माशा होत्या. घरांची राख थंड होती. त्यानं तळवा लावून पाहिला. थंडगार. म्हणजे पुंड कालच गेले होते.

कोंडमुऱ्याचा नेम इथून सुरू झाला असं सांगतात. सटवाजीनं मरताना सुनालेकींना सांगितलं, दळायच्या आधी रिकामं फिरवा, आणि लेकांना सांगितलं, ते ऐकलं की जा, कुणी नको म्हटलं तरी जा. आजही कोंडमुऱ्यात हे चालतं. आता घरोघरी मिक्सर आले, तर सुना भांडं लावून आधी रिकामाच फिरवतात, आणि बाहेर मोबाइलवर बोलणारा नवरा फोन तसाच कानाला धरून आत येतो. आजही त्यात एक गोष्ट पाळतात. यायला उशीर झाला तर का झाला, ते सांगायचं नाही. नुसतं उभं राहायचं. कारण हैबती बोलला होता.

छप्पर नसलेल्या घरात, उघड्या कातळावर चिमा बसली होती. उजवा हात पदरात गुंडाळलेला, पदर काळा. डावा खुंट्यावर. नानाचं शीर तिनं कशानं तरी झाकून ठेवलं होतं. हैबती समोर येऊन उभा राहिला तरी तिनं अर्धी फेरी आणखी ओढली.

"तूच म्हनालीस," हैबती म्हणाला. "रिकामं वाजलं की येऊ नका. आमी तेच ऐकत होतो. आबा म्हनलं, पोरगी अजून धरून हाय. मला वाटलं, ते अजून हायेत. मी निगनार होतो चिमे, कालच निगनार होतो. पाय धरलं त्यांनी माझं. मी कान लावून होतो सारा वेळ. हात बदललास तेबी कळलं मला."

चिमानं त्याच्याकडे पाहिलं. हात बदललेला याला कळला होता, आणि तरी हा वर बसून राहिला होता.

मग तिनं खुंटा सोडला. खांबाच्या जळक्या बुंध्याला धरून ती उभी राहिली. सुजलेलं पाऊल ओढत ती त्याच्या बाजूनं गेली, उंबऱ्याच्या राखेवरून गेली, आणि खालच्या वाटेला लागली. हैबती तिच्या नावानं हाक मारत राहिला. ती चालत गेली.