घोंगडीवाल्याचे पथ्य

फार जुनी गोष्ट. माळावरच्या एका गावात एक घोंगडी विणणारा आणि त्याची बायको राहत होती. बायको चरख्यावर लोकरीचे सूत काती. नवरा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे आणि विणी. सुताला बळ यावे म्हणून त्यावर चिंचोक्याची खळ लावावी लागते. त्यामुळे त्यांच्या घरी चिंचेची पोती येत. चिंचोके खळीला जात, गर स्वयंपाकाला. आमटीत चिंच, भाजीत चिंच, रात्री चिंचेचे सार. नवऱ्याला सार फार आवडे.

घोंगडीवाल्याच्या हातात कसब होते आणि ते त्याला माहीत होते. सुतात गाठ दिसली की तो ओरडे, "अगं, ही घोंगडी आहे का मुरमाचा रस्ता?" अलीकडे गाठी फार येत. बायको उलट बोलत नसे. मान खाली घालून गाठी सोडवी.

एका वर्षी घोंगडीवाल्याचे गुडघे धरले. खड्ड्यातून वर येताना दोन्ही हात टेकावे लागत. पावसाच्या आत मेंढपाळांना घोंगड्या द्यायच्या होत्या. वेळेवर झाल्या नाहीत तर ते लोकर पलीकडच्या गावात नेणार. एकदा गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही. मग म्हातारपणी खायचे काय?

दुखणे लपत नाही. गाव सल्ला द्यायला आले. तेली म्हणाला, "दूध सोड." गवळी म्हणाला, "दूध नव्हे, तेल सोड." माळी म्हणाला, "डाळ वातूळ. ती सोड." वाणी म्हणाला, "डाळीनं काही होत नाही. वांगी सोड, आणि आंबट." ज्याने त्याने दुसऱ्याच्या दुकानातले सोडायला सांगितले.

घोंगडीवाला हट्टी. "सोडलं!" म्हणाला, आणि एकाच दिवशी सगळे सोडले. ताटात भाकरी, मीठ आणि उकडलेला पाला उरला. चावडीवर जाऊन त्याने ते सांगितलेही. लोकांनी माना डोलावल्या. गुडघे मात्र दुखतच राहिले. अंगातले बळ तेवढे गेले. आडवे सूत ओवणारा धोटा फेकला की अर्ध्यातच अडकू लागला. घोंगड्या मागे पडल्या.

एक दिवस त्याने नवे सूत हातात घेतले आणि तो थांबला. बोटांमधून ओढून पाहिले. कुठे गाठ नाही.

"अगं, हे सूत कुणाकडून आणलंस?"

"आणते कुठून? मीच कातलं."

"तुझं सूत मी ओळखत नाही का? असलं तू लग्नानंतर नव्या नवलाईत कातायचीस."

"आता पुन्हा कातते. बोटं वळायला लागली."

"म्हणजे आधी वळत नव्हती?"

"सकाळी मूठ मिटत नसे. पेरं सुजायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या गुडघ्यांचं बोलणं संपलं की बोलणार होते."

घोंगडीवाल्याने सूत पुन्हा बोटांमधून ओढले. मग म्हणाला, "कसली मुळी लावलीस?"

"मुळी कसली! तुम्ही सोडलंत ते मीही सोडलं. तुम्ही पाला खायचा आणि मी समोर बसून आमटी ओरपायची, हे मला जमलं नाही."

"तूही पाला खातेस? मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही ताटाकडं बघून जेवता. तेही रागानं."

घोंगडीवाला म्हणाला, "चल, वैद्याकडं." तो उठला, आणि चक्कर येऊन खाली बसला. शेजारचा कुंभार आपले गाढव घेऊन आला.

"बसा दादा."

"गाढवावर? गाव हसेल."

बायको म्हणाली, "हसू दे. वाटेत पडलात तर उचलायला तेच गाव लागेल."

तो बसला.

वैद्यबुवा म्हातारे आणि फटकळ. त्यांनी विचारले, "काय खातोस?"

"दूध सोडलं, तेल सोडलं, डाळ सोडली..."

"सोडलेलं नव्हे. खातोस ते विचारतोय."

बायकोने सगळे सांगितले, आपल्या बोटांचेही.

वैद्यबुवा म्हणाले, "सगळं एकदम सोडलं, आता कशानं काय झालं ते कसं कळणार? एकेक परत घ्या. एक घेतलं की काही दिवस थांबा, अंग काय म्हणतं ते बघा. मग दुसरं. आणि ज्यानं त्यानं आपल्या अंगाला विचारा." मग त्यांनी त्याचे गुडघे दाबून पाहिले. "मागाच्या खड्ड्यात ओल असते?"

"असते."

"दिवसभर ओलीत पाय ठेवतोस आणि दोष वांग्याला देतोस?"

घोंगडीवाल्याने खड्ड्याच्या तळाला कोरडी वाळू पसरली, वर फळी टाकली. मधूनमधून उठून तो अंगणात फिरू लागला. गुडघे हलके झाले. पूर्ण नाही, वय झाले की थोडे दुखतेच. डाळ आली, तेल आले, दूध आले, वांगे आले. दोघांना काही झाले नाही. अंगात बळ आले.

शेवटी चिंच आली. नवऱ्याने सार प्यायले. काही झाले नाही. बायकोने प्यायले, आणि तिची बोटे पुन्हा आखडली. सोडले, बोटे सुटली. पुन्हा घेऊन पाहिले, तेच झाले. चिंच वाईट नव्हे. तिला सोसत नव्हती, एवढेच.

"तुमच्यापुरतं करत जाईन," बायको म्हणाली. केलेही. पण सार थोडे उरले, आणि तिला अन्न टाकवेना. तिने ते पिऊन टाकले.

मग एका सकाळी सुतात गाठ आली. घोंगडीवाल्याने ती पाहिली. तो ओरडला नाही. त्याने ती स्वतः सोडवली. मग चिंचेचे पोते ओढले, चिंचोके काढून घेतले आणि सगळा गर कुंभाराच्या घरी देऊन आला.

"अहो, सार कशाचं करू आता?"

"करू नकोस."

"तुम्हाला तर चालतं."

"मला सूत चांगलं लागतं."

पावसाच्या आधी मेंढपाळ आले, तेव्हा घोंगड्या तयार होत्या. एकाने घोंगडीवर हात फिरवला आणि म्हणाला, "काय हात आहे दादा तुमचा!"

घोंगडीवाला म्हणाला, "वीण माझी आहे. पण हात फिरतोय तो सुतावर. सूत हिचं आहे."

बायको आतून म्हणाली, "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"एकदा म्हटलं," तो म्हणाला, आणि दुसरी घोंगडी उलगडू लागला.

तात्पर्य: पथ्य गावाला विचारून करू नये, अंगाला विचारून करावे. आणि आपले दुखणे सांगून झाले की समोर बसलेल्याचेही विचारावे.