तान्हूबाईच्या काठोकाठ वाट्या

करंजनगरात लग्नसराई ऐन भरात आली आणि हैबतराजांनी दवंडी पिटवली, तीही ढोलाशिवाय. राज्यात कुणीही कुठल्याही वाद्याला हात लावायचा नाही!

आग लागली होती जेवणाच्या पंगतीत. पानात श्रीखंड पडलं होतं आणि दिवाणजी सहज बोलून गेले, की केरोबा पखवाजीसारखा वादक आजवर झाला नाही. सेनापतींनी हातातली पुरी खाली ठेवली. दौलत संबळवाल्यापुढे तुमचा केरोबा म्हणजे नुसता पिंप बडवणारा, असं त्यांनी सुनावलं. प्रकरण हातघाईवर येणार, तेवढ्यात महाराज मध्ये पडले. त्यांच्या लहानपणी नगारखान्यात रावजी नगारची नगारा वाजवीत. केरोबा आणि दौलत त्यांचेच शिष्य, पण गुरू गेल्यापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. रावजींच्या नखाचीही सर कुणाला येणार नाही, असं महाराज म्हणाले. त्यावर दिवाणजी आणि सेनापती आयुष्यात पहिल्यांदाच एका सुरात पुटपुटले, की आम्ही कुठे ऐकलंय रावजींना?

झालं! महाराजांचं डोकं फिरलं. सगळ्यांत मोठा वादक कोण, हे आम्हा तिघांना एकमतानं पटेपर्यंत सगळी वाद्यं खुंटीला. आणि निवाडा करायचा तोही वाद्य न वाजवता, कारण वाजवलं की ही माणसं आणखी भांडतात.

आता हा निवाडा ब्रह्मदेवाला तरी जमला असता का? पण तान्हूबाई गवळणीला जमवणं भाग होतं. राजवाड्यात दुधाचा रतीब घालणाऱ्या या बाईच्या लेकीचं, मैनेचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं, आणि व्याह्यांचा निरोप आला होता, की वाजंत्रीशिवाय वरात आणायला आम्ही काय मुलगी चोरून नेतोय? वाजंत्री नाही तर लग्नही नाही. मैना चुलीपाशी बसून मुसमुसत होती. धूर डोळ्यांत गेला म्हणत होती, आणि चूल तर पेटलेलीच नव्हती. तान्हूबाईनं दुधाची घागर डोक्यावर घेतली आणि तडक दरबार गाठला.

"सरकार, निवाडा मी करते," ती म्हणाली. "वाद्याला हात लावायचा न्हाई म्हणालात. तोंडाला तर बंदी न्हाई ना?"

"तोंडाला कशी असेल? या दोघांची कधी बंद असतात?" दिवाणजी-सेनापतींकडे बघत महाराज गुरगुरले.

मग तिनं केरोबाला आणि दौलतला बोलावून घेतलं. वाजवणारा माणूस आधी बोल तोंडानं म्हणायला शिकतो आणि मग हातानं वाजवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा दोघांनी आपापली उत्तम चीज तोंडानंच म्हणायची. ऐकणाऱ्या तिघांच्या तळहातावर दुधानं काठोकाठ भरलेली एकेक वाटी राहील. ज्याच्या बोलांवर ज्याचं दूध सांडेल, त्यानं त्याला मोठा मानायचं. "जीभ काय, वाट्टेल ते बोलंल," तान्हूबाई म्हणाली. "हाताला तेवढी अक्कल नसती." महाराजांना गंमत वाटली. त्यांनी अट मान्य केली.

केरोबानं मांडी ठोकली आणि सुरुवात केली. धा, धा, तिरकिट... बोल असे गरगरत निघाले, की दरबारातले भालदारही डुलायला लागले. सेनापती दात आवळून, डोळे मिटून बसले होते. पण शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा म्हटलेला तोच तुकडा, नेमकी तालाच्या समेवर येऊन आदळली तेव्हा त्यांची मान हलली, मानेबरोबर खांदा हलला आणि दूध विजारीवर सांडलं. दिवाणजी खो खो हसले. मग दौलतचे बोल सुरू झाले, आणि समेवर दिवाणजींचं दूध त्यांच्याच अस्तनीत गेलं. आता हसायची पाळी सेनापतींची होती.

महाराजांच्या वाटीवर मात्र साधा तरंगही उठला नव्हता. "पाहिलंत?" ते मिशीला पीळ देत म्हणाले. "रावजी असते म्हणजे कळलं असतं!"

तान्हूबाईनं शांतपणे तिन्ही वाट्या पुन्हा भरल्या. "आम्ही कुठलं ऐकायला, सरकार? तुम्हीच म्हणून दाखवा की रावजी काय वाजवायचे ते."

महाराज इतकी वर्षं कुणी असं विचारण्याची वाटच पाहत होते. ते सरसावून बसले आणि रावजींची पहाटेची नौबत म्हणू लागले. आवाज जाडाभरडा, पण लय पक्की. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. आणि ऐन चढावर ते अडले. पुढचं आठवेना. पुन्हा मागून उचललं, पुन्हा तिथंच अडले. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात केरोबानं पुढचा तुकडा उचलला. त्याचा श्वास संपला तिथून दौलतनं धरला. मग दोघं एकदम, आणि वाट सापडलेले महाराजही त्यांच्यात. नौबत चढत चढत गेली आणि तिघं एकाच वेळी समेवर आले. दिवाणजींचं दूध सांडलं, सेनापतींचं सांडलं, आणि महाराजांची तर अख्खी वाटीच अंगरख्यावर उपडी झाली!

तान्हूबाई पुढे झाली.

"तिघांचंबी दूध सांडलं, सरकार. तवा सगळ्यांत मोठे रावजीच, एकमतानं. पर तुम्हाला रावजी निम्मेच ठावं हायेत. राहिलेले निम्मे या दोघांच्या हातांत हायेत, आन् ते हात तुम्ही बांधून ठेवलेत."

महाराजांनी आपल्या भिजलेल्या अंगरख्याकडे पाहिलं आणि असे हसले, की नगारखान्यातली कबुतरं उडाली. बंदी तिथल्या तिथे उठली. तान्हूबाईला दोन दुभत्या म्हशी मिळाल्या आणि मैनेच्या वरातीपुढे राजवाड्याचा नगारा निघाला. एका बाजूला केरोबा, दुसऱ्या बाजूला दौलत.

नगारा घुमत असतानाच खुद्द महाराज मांडवात आले. तान्हूबाईनं दिवाणजींना, सेनापतींना आणि त्यांना केशरी दूध दिलं, पण तिघांचेही पेले अर्धेच भरून.