देवापुढचा पडदा

सोमवारी पाणीही घ्यायचं नाही आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही, असं व्रत मी एकदा धरलं होतं. मी जेवते सगळ्यांमागून, कळणार तरी कुणाला? पण माझ्या दिरांनी, मनोहरभाऊजींनी, स्वयंपाकघरात कॅमेऱ्याची डबी बसवली होती. तिने साऱ्यांच्या मोबाइलवर कळवलं, 'शालिनीबाई जेवल्या नाहीत, तब्येत पाहा.' माझं व्रत मोडलं.

"भाऊजी, ती डबी काढा."

"काळजीपोटीच लावली ना, वहिनी! लपवण्यासारखं काय करता तुम्ही?" सगळे हसले.

मी म्हटलं, "देव तर सगळं जाणतो. तरी नैवेद्य ठेवून आपण पडदा ओढतो. तो काय चोरून खातो?"

हसणं थांबलं. डबी मात्र अजून तिथेच आहे. मी तिच्यावर फडकं टाकते. बायांनो, तुम्हीही टाका.