द्वारकाबाई आणि लांब केसांची झिपरी

एक होता राजा, एक होती राणी. पण आजची गोष्ट त्यांची नाही बरं का. गोष्ट आहे राजवाड्यात वेणीफणी करणाऱ्या द्वारकाबाईची. राजाच्या आजीची वेणी तिनं घातली, आईची घातली, आता राणीची घालत होती. बोटं सुजायची, खांदे भरून यायचे. पण सांगणार कुणाला?

एकदा काय झालं, सातासमुद्रापलीकडून एक व्यापारी आला. त्यानं राणीला टोपलीतून एक जनावर दिलं. एवढंसं, वीतभर. शेपूट नाही. पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीनच. तुम्ही गिनीपिग म्हणता ना, तसलंच. पण केस! रेशमासारखे, पार जमिनीवर लोळणारे. तोंड कुठलं नि पाठ कुठली, कळायचंच नाही. पहिल्या दिवशी दासीनं गवत ठेवलं ते मागच्या बाजूला. बिचारी दिवसभर उपाशी! राणीनं तिचं नाव ठेवलं झिपरी.

राणी म्हणाली, "हिचा एक केससुद्धा कापायचा नाही. दसऱ्याच्या दरबारात मखमलीच्या गादीवर बसवणार मी हिला. द्वारके, हिची वेणीफणी आता तुझ्याकडे."

झालं! केस रोज बोटभर वाढायचे. सकाळी विंचरावं, तर दुपारी पुन्हा गुंता. त्यात गवताच्या काड्या. त्यात लेंड्या. हसू नका रे, खरंच! ओढ बसू नये म्हणून द्वारकाबाई एकेक बट चिमटीत धरून सोडवायची. एक बाजू होईतो दुसरी गुंतायची.

पण झिपरी होती गुणाची. कधी चावली नाही. गवताची पेंढी नुसती खसखसली, की "कुईं कुईं" अशी शिट्टी घालायची. सगळा राजवाडा हसायचा.

मग उन्हाळा लागला आणि शिट्टी थांबली. पेंढी खसखसली तरी झिपरी हलेना. खाईना, पिईना.

राणी घाबरली. वैद्यबुवा आले, त्यांनी मधातून मात्रा चाटवली. काही नाही. मग मांत्रिक आला, त्यानं काळा दोरा बांधला. तो केसांत कुठे हरवला, सापडलाच नाही. मग राणीनं सोन्याचा पिंजरा घडवून घेतला. झिपरी त्यात कोपऱ्याकडे तोंड करून बसली.

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "द्वारके, हिला काही झालं, तर तू वेशीबाहेर."

या वयात जायचं कुठे? द्वारकाबाई झिपरीला मांडीवर घेऊन विंचरायला बसली, पण हातच उचलेना. फणी गळून पडली. तिनं भिंतीला डोकं टेकलं नि म्हणाली, "दमलीस होय गं बाई? मीपण दमलेय."

आणि काय नवल! झिपरी बोलली. अगदी बारीक आवाजात.

"द्वारकाबाई, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही."

"मग सांग की मला."

"केसांनी डोळे झाकलेत, समोरचं गवत दिसत नाही. या केसांत जीव उकडून जातो. आणि मी शिट्टी घालते ना, तिला उलट शिट्टी कुणीच देत नाही."

द्वारकाबाईनं कात्रीकडे पाहिलं. मग मनाशी म्हणाली, "वेशीबाहेर तर असंही जायचंय." तिनं आधी डोळ्यांवरचे केस कापले, मग पोटाखालचे, मग मागचे. रेशमाचा हा एवढा ढीग पडला. मग कोवळं गवत दिलं, आवळ्याची फोड दिली. आणि ओठांचा चंबू करून हळूच शिट्टी घातली. "कुईं."

झिपरीनं कान टवकारले. "कुईं कुईं!" आणि चारी पायांवर टुणकन उडीच मारली.

शिट्टी ऐकून राणी धावत आली. बघते तर काय! "कुणी कापले?"

"मी," द्वारकाबाई म्हणाली. उठायचंही त्राण नव्हतं तिच्यात. "जाते मी, राणीसाहेब. पण हिचं खाऊन होऊ दे."

झिपरीनं मान वर केली. रिठ्याच्या बियांसारखे दोन काळेभोर डोळे राणीकडे बघायला लागले. राणी मटकन खालीच बसली.

"अगबाई," ती हळूच म्हणाली, "हिला डोळे आहेत होय!"

मग तिनं द्वारकाबाईकडे पाहिलं. तिच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. "द्वारके, तू शेवटची निवांत कधी बसली होतीस?"

द्वारकाबाईला आठवेना. खूप आठवून पाहिलं, तरी आठवेना.

त्या दिवशी राणीनं आपली वेणी आपणच घातली. वाकडी झाली, पण झाली. द्वारकाबाई जी झोपली, ती दीड दिवस उठली नाही. कुणी उठवलंही नाही. पुढे व्यापारी आला, तेव्हा राणीनं झिपरीला एक मैत्रीण मागवून घेतली. दोघी दिवसभर एकमेकींना शिट्ट्या घालायच्या, नि द्वारकाबाई सावलीत पाय पसरून ऐकत बसायची. राजा सुखात, राणी सुखात, सगळी सुखात राहिली.

झिपरी झोपायची ना, ती डोळे उघडे ठेवून, बरं का. तिची जातच तशी. तुमची नाही. मिटा बघू आता.