डोंगराला हाका मारणारी शाओयिंग

राजा होता एक, आणि तोही लांबचा, चीन देशाचा. इंदू, पाय आत घे, मग सांगते.

तर या राजाला दोन गोष्टींचं वेड. एक चहाचं आणि दुसरं कवितेचं. आपल्यासारखा दूध-साखर घालून उकळलेला चहा नव्हे बरं का. नुसत्या गरम पाण्यात कोवळी पानं. समोर चहाचा पेला ठेवला की त्याला चहावरची कविता लागायची, तीही नवी. त्यासाठी दरबारात एक कवी पगारी ठेवला होता. त्याचं नाव वेनफू.

राजा वाईट नव्हता हो. फक्त त्याला कविता खरी वाटायची. कवीनं लिहिलं म्हणजे तसंच असलं पाहिजे, नसलं तर तसं करून घ्यायचं.

एकदा काय झालं, वेनफूनं ओळ लिहिली, 'पान नको मज, कोंब कोवळा, तोच तेवढा खुडावा.' लिहिली आपली चालीत बसली म्हणून. त्यानं चहाचं झुडूप जन्मात पाहिलं नव्हतं. पण राजानं मान डोलावली आणि हुकूम काढला, की पुढच्या वर्षापासून पानं नकोत, नुसते कोंब पाठवा.

हुकूम, त्या ओळीसकट, गेला लांब दक्षिणेच्या एका डोंगरावर. तिथे शाओयिंग नावाची बाई राहायची. नाव म्हणायला अवघड आहे खरं, पण तिलाही तुमची नावं अवघडच गेली असती. वसंत लागला की तिचं सगळं गाव डोंगरावर चढून राजाचा चहा खुडायचं आणि मग खाली उतरून भाताची लावणी करायचं. आता नुसते कोंब खुडायचे म्हणजे दिवसभर राबून ओंजळसुद्धा भरेना. खुडता खुडता लावणीचे दिवस निघून गेले. निम्मी शेतं तशीच पडून राहिली.

मग दुसऱ्या वर्षी वेनफूनं लिहिलं, 'दव असावे अंगावरती, सूर्य न त्याने पाहावा.' झालं. हुकूम निघाला, की उजाडायच्या आत खुडा. मग अंधारात ओल्या खडकांवरून चढायचं. बोटं गारठून वाकडी व्हायची. शाओयिंगचा नवरा घसरला, त्याचा पाय मोडला. त्याही वर्षी निम्मी शेतं पडीक.

आणि तिसऱ्या वर्षी वेनफूनं कहर केला. 'पाकोळ्या घरट्यात यायच्या आधी चहा तो फुटावा.' अरे बाबा, पाकोळ्या यायच्या आधी तिथे बर्फ असतो. पण कवीला काय, कागदावर थंडी वाजत नाही.

राजाचा अंमलदार गावात आला. म्हणाला, "टोपली भरल्याशिवाय एकानंही खाली उतरायचं नाही." सगळं गाव वर गेलं. झुडपं गाढ झोपलेली. खाली नांगरणी राहिली, बी भिजत घालायचं राहिलं. या वर्षी भात झाला नाही तर गाव सोडून भीक मागत फिरायचं, एवढंच उरलं होतं. शाओयिंगला एक लहान मुलगी होती. शाओयिंगला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटायची.

त्या लोकांची एक पद्धत होती. चहा फुटायला उशीर झाला की ढोल बडवायचे आणि सगळ्यांनी मिळून डोंगराला हाका मारायच्या, 'फूट रे चहा, फूट.' तसं त्यांनी केलं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी थोडा बर्फ घसरला. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे घसे बसले, आणि तेव्हा डोंगर जागा झाला.

"एवढ्या थंडीत कोण हाका मारतंय?" डोंगरानं विचारलं.

"आम्हीच, बाबा," शाओयिंग म्हणाली. "राजानं सांगितलंय."

"राजाला कोणी सांगितलं?"

"कवीनं."

डोंगर म्हणाला, "कोंब देतो. पण आज इथे जे जे बोललं गेलं ते सगळं पानात उतरेल, आणि ज्याच्या शब्दानं हे झालं त्यालाच ऐकू येईल."

बघता बघता झुडपांना कोंब फुटले. टोपली भरली, घोड्यावरून राजाकडे गेली. पण ती भरायलाही पंधरा दिवस लागले, आणि अंमलदार तिथेच. टोपली गेली तरी राजाचा निरोप आल्याशिवाय तो कोणाला उतरू देईना.

इकडे राजानं पेला तोंडाला लावला. "छान आहे," म्हणाला. त्याला काही ऐकू आलं नाही. मग वेनफूनं घोट घेतला. पहिल्या घोटाला ढोल वाजले. दुसऱ्या घोटाला कोणीतरी खोकलं, आणि खूप माणसं खोकली. तिसऱ्या घोटाला एका लहान मुलीचा आवाज आला, "आई, आपण लावणी कधी करायची?" आणि बाई म्हणाली, "त्यांची कविता संपली की."

वेनफूच्या हातून पेला पडला. लाज वाटली हो त्याला, मनापासून लाज वाटली. पोट दुखतंय असं राजाला सांगून तो घोड्यावर बसला आणि तडक डोंगरावर गेला. चहात ऐकलेला आवाज ओळखून सगळ्यांच्या देखत शाओयिंगसमोर बसला आणि रडायला लागला. म्हणाला, मी राजाला सगळं खरं सांगतो, माझी मान गेली तरी चालेल.

शाओयिंगला रडणाऱ्या माणसांचा कंटाळा होता. ती म्हणाली, "तुमची मान घेऊन आम्ही काय करू? तुम्ही लिहिता तसा राजा हुकूम काढतो ना? मग आमच्या सोयीचं लिहा."

बघा, इतकी वर्षं दरबारात बसून त्या शहाण्याला जे सुचलं नाही, ते या बाईला सुचलं. त्यानं तिथेच दगडावर बसून लिहिलं,

'लावणी उरकून, हात धुऊन, भर उन्हात तो खुडावा,
आणि ज्याने तो खुडला त्याने पेला पहिला प्यावा.'

पहिली ओळ शाओयिंगनं सांगितलेली. दुसरी त्याच्या मनची.

दरबारातले बाकीचे कवी हसले. म्हणाले, ही काय कविता, हा तर गावचा निरोप. पण राजानं डोळे मिटून ती दोनदा ऐकली. त्याला वाटलं, उन्हातल्या चहाची काही वेगळीच खुमारी असणार. लगेच हुकूम सुटला.

गाव धावत खाली उतरलं. नांगरणी झाली, पेरणी झाली, यथावकाश लावणीही झाली. मग हात धुऊन, पोटभर जेवून लोक डोंगरावर गेले, आणि उन्हात गप्पा मारत त्यांनी चहा खुडला.

आता हुकूम म्हणजे हुकूम. अंमलदारानं स्वतः पाणी तापवलं आणि पहिला पेला शाओयिंगच्या हातात दिला. तीस वर्षं ती चहा खुडत होती, पण राजाचा चहा तिच्या जिभेला कधी लागला नव्हता. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. तिनं सावकाश पेला रिकामा केला.

"बरा आहे," ती म्हणाली. "याच्यासाठी एवढं?"

आणि पेला मुलीकडे देऊन ती घरी भात शिजवायला गेली.

त्या वर्षापासून त्यांच्या कणग्या भरल्या, नवऱ्याचा पाय बरा झाला, सगळे सुखानं राहिले. तुम्हीही आता डोळे मिटा. नाही, राजाचं पुढे काही झालं नाही, तो चहा पीत बसला. झोपा.