टिपू थेंब आणि इंदूआत्याचं बोट

रेवूच्या डोळ्यात राहायचा टिपू. टिपू म्हणजे एक थेंब. एवढुस्सा! पण त्याच्या पोटात औषध. जंतू फोडायचं औषध. दुकानातलं नाही हं. रेवूच्या डोळ्यानंच केलेलं.

सकाळी आली इंदूआत्या. म्हणाली, "दृष्ट लागेल गं पोरीला!" ज्या बोटानं चपला उचलल्या, तेच बोट काजळात. तेच बोट रेवूच्या डोळ्यात! हात धुतले? नाही. मोठ्यांना कोण विचारणार?

बोटावरचा जंतू आत शिरला. चुर्रर्र! डोळा झाला लाल. पापणी झाली बंद. टिपू कसाबसा बाहेर निसटला. पण त्याची भावंडं अडकली आत. एकटा टिपू जंतूला पुरणार कसा?

ठिबुक ठिबुक टिपू गेला पापणीकडे.

"पापणीताई, पापणीताई, उघड ना! भावंडं बाहेर येईनात, जंतू जाईना!"

पापणी म्हणाली, "हात मला चोळतोय. हात थांबला, तर उघडेन."

ठिबुक ठिबुक टिपू गेला हाताकडे.

"हातदादा, हातदादा, थांब ना! पापणी उघडेना, भावंडं बाहेर येईनात, जंतू जाईना!"

हात म्हणाला, "रडू दाबलं की मी असाच चोळतो. तोंड रडलं, तर थांबेन."

ठिबुक ठिबुक टिपू गेला तोंडाकडे.

"तोंडोबा, तोंडोबा, रड ना! हात थांबेना, पापणी उघडेना, भावंडं बाहेर येईनात, जंतू जाईना!"

तोंड म्हणालं, "आत्या डोळे वटारते. आत्या 'रड' म्हणाली, तर रडेन."

ठिबुक ठिबुक टिपू गेला आत्याकडे.

"इंदूआत्या, इंदूआत्या, 'रड' म्हण ना! तोंड रडेना, हात थांबेना, पापणी उघडेना, भावंडं बाहेर येईनात, जंतू जाईना!"

आत्या म्हणाली, "हॅट्! शहाण्या मुली रडत नाहीत. मी रडते का कधी? माझ्या डोळ्यातून पाणी आलं, तर म्हणेन!"

बघा! पोरगी तळमळतेय, आणि हिची ऐट!

ठिबुक ठिबुक टिपू गेला आत्याच्या डोळ्याकडे. तिथे कोपऱ्यात एक थेंब बसला होता. अगदी अंग चोरून.

"थेंबमावशी, थेंबमावशी, बाहेर ये ना! आत्या 'रड' म्हणेना, तोंड रडेना, हात थांबेना, पापणी उघडेना, भावंडं बाहेर येईनात, जंतू जाईना!"

थेंबमावशी म्हणाली, "अय्या, मला बोलावलंस? आत्या लहान होती ना, तेव्हा तिलाही सगळे दटावायचे. मला कुणी येऊच दिलं नाही. थांब, आले!"

टप्प! थेंबमावशी आली गालावर.

आत्या दचकली. तिनं रेवूला कुशीत घेतलं. "रड गं बाई, रड!"

आत्या 'रड' म्हणाली, तोंड रडलं. भ्यांऽऽ! हात थांबला, पापणी उघडली, भावंडं बाहेर आली. सळ्ळ सळ्ळ सळ्ळ! जंतू फुटला. फुस्स! काजळासकट वाहून गेला.

आत्यानं साबण लावून हात धुतले. म्हणाली, "चुकलं गं माझं." मोठी माणसं असं फार कमी बोलतात. नीट ऐकून ठेवा.

रेवू हळूच म्हणाली, "टिपू, बरं झालं आलास. तुझी भावंडंपण आली, बरं झालं. थेंबमावशी, तूपण."

आत्यानं रेवूचा गाल पुसायला पदर उचलला.

"अं हं!" रेवू म्हणाली. "टिपूला बसू दे."

आत्यानं पदर सोडला. टिपू रेवूच्या गालावर बसला. ऐसपैस. चमचम चमचम. कुण्णी पुसलं नाही.