हरकतीची मुदत

"...मग तेव्हाच बोलायचं होतं ना, अज्जा? मी विचारलं तेव्हा अक्का गप्प का बसली?"

अज्जांनी भुईमुगाची शेंग फोडली. दाणे महांतेशच्या तळहातावर ठेवले आणि पुढची शेंग उचलली.

गडहिंग्लजकडच्या एका लहानशा मठाचे हे वृद्ध स्वामी. सगळी पंचक्रोशी त्यांना अज्जाच म्हणे. महांतेश त्यांच्याच बोर्डिंगात वाढलेला. शिकून दिल्लीला गेला, मोठा अधिकारी झाला आणि आता जगभरच्या परिषदांत देशाच्या वतीने बसत होता. राष्ट्रप्रमुख येतात, हसून फोटो काढतात आणि जातात. त्याआधी मजकुरातल्या एकेका शब्दावरून जे आठवडाभर घासाघीस करतात, त्यांतला तो एक. भल्याभल्यांना त्याने वाटेवर आणलं होतं. पण सख्ख्या बहिणीपुढे कालपासून त्याची मात्रा चालत नव्हती.

निलव्वा, म्हणजे अक्का, त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. नवरा गेल्यापासून मठाच्या टेकडीच्या पायथ्याच्या वाडीत ती एकटीच राही. महांतेशने परदेशातूनच फोन करून सांगितलं होतं, की तुला कायमचं दिल्लीला न्यायचं, घर बंद करायचं, काही अडचण असेल तर सोमवारपर्यंत कळव. सोमवार गेला. निलव्वाने काही कळवलं नाही. महांतेशने ट्रक ठरवला.

तो ट्रक उद्या सकाळी दारात येणार होता. आणि निलव्वाने अजून एक तांब्यासुद्धा बांधला नव्हता. भांडत नव्हती, रडत नव्हती. वेळेवर भाकरी वाढत होती, एवढंच.

"ती गप्प बसली," अज्जा म्हणाले. "त्यावरनं तू काय समजलास?"

"होकार."

"कसा काय?"

महांतेश जरा सावरून बसला. हा त्याचा प्रांत होता.

"आमच्याकडं पद्धतच आहे तशी. मजकूर तयार झाला की सगळ्या देशांना पाठवायचा. मुदत द्यायची. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही की मंजूर. एवढे देश, प्रत्येकाला बोलायला लावलं तर जगाचं काम उरकायचं कधी?"

परवाचा समुद्राबद्दलचा जाहीरनामा असाच पार पडला, हेही त्याने सांगितलं. अध्यक्षांनी हातोडा आपटला, अख्खं सभागृह उभं राहिलं, ओळख ना पाळख अशा माणसांनी त्याला मिठ्या मारल्या. सांगताना त्याचा चेहरा खुलला होता.

"सगळी उभी राहिली?"

"सगळी." मग त्याने पुस्ती जोडली. "एक बाई सोडून."

"कोण बाई?"

"कुठल्याशा बेटावरच्या. नकाशात ठिपका दिसेल एवढा देश. त्यांच्याकडून त्या एकट्याच आलेल्या. वयस्क. मांडीवर हात ठेवून बसून होत्या."

"हरकत घेतली नाही त्यांनी?"

"घेतली होती... पण आधी. वऱ्हांड्यात. चहाच्या टेबलाशी एकेकाला गाठून सांगायच्या, की पाणी आमच्या थडग्यांपर्यंत आलंय. मलाही सांगितलं. पण सभागृहात, मुदतीत, काही नाही."

"का बरं?"

"थकल्या असतील," महांतेश म्हणाला. आपला आवाज असा बसका का आला, ते त्याला कळेना.

अज्जा शेंगा फोडत राहिले. एकेक दाणा महांतेशच्या हातावर येत होता आणि बोलण्याच्या भरात तो एकही तोंडात टाकत नव्हता.

...

बराच वेळ झाला. महांतेशने घड्याळ पाहिलं. मठात तो आला होता ते अज्जांची परवानगी घ्यायला. अज्जांनी हो म्हटलं की अक्का मुकाट्याने ट्रकात बसेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"तर अज्जा, तुमची काही हरकत नाही असं समजतो."

तो पाया पडायला वाकला. अज्जांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला पुन्हा खाली बसवलं. मग गुडघ्यांवर जोर देत, कण्हत, स्वतःच गादीवरून उठले. या गादीपुढे आमदार-खासदारही खाली बसत. अज्जा कुणासाठी जागचे हलले, असं महांतेशने कधी पाहिलं नव्हतं.

अज्जा महांतेशच्या चटईवर आले. समोर नव्हे, त्याच्या शेजारी. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ.

आणि गप्प बसले.

समोर अंगण होतं. बोर्डिंगातल्या पोरांचे सदरे दोरीवर वाळत होते. महांतेशला आपला पहिला महिना आठवला. आई नुकतीच गेलेली. तो कुणाशी बोलत नसे. शिकवणारे म्हणत, पोरगं रुळलं, काही कटकट नाही. दर आठवडी बाजाराला अक्का भाकरी घेऊन यायची आणि समोरच्याच पायरीवर त्याच्या शेजारी बसायची. काही विचारायची नाही. भाकरीचा तुकडा मोडून हातात द्यायची आणि बसून राहायची. एका बाजाराला त्याच्याच तोंडून आलं, "अक्का, मला घरी यायचंय."

"अज्जा..."

"हं."

"गेल्या वर्षी अक्का घरामागच्या परड्यात पडली होती. दिवस मावळेपर्यंत पडूनच होती, शेजारणीनं बघितलं म्हणून बरं. ती मला फोन लावत होती." "आमचे फोन सभागृहाबाहेर पेटीत ठेवलेले असतात. मी आत होतो. तेव्हापासून मी फोन उशाशी घेऊन झोपतो. पुन्हा तसं झालं तर? तिच्याशिवाय मला आहे कोण?"

त्याचे डोळे भरले. अज्जांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. अंगणाकडेच पाहत त्यांनी विचारलं, "हे तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग काय सांगितलंस?"

"तारीख."

वाऱ्याने दोरीवरचा एक सदरा खाली पडला. कुणी उचलला नाही.

"आणि ती काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. म्हणजे... नंतर फोनवर इकडचं तिकडचं. म्हणाली, यंदा आंबा लवकर मोहरलाय. म्हस गाभण हाय. दिल्लीत जोंधळ्याचं पीठ मिळतंय काय रे..."

महांतेश थांबला. ते फोन त्याने कागद चाळता चाळता ऐकले होते. हं, हं करत.

"हे कुठलं बोलणं म्हणायचं?" अज्जांनी हळूच विचारलं. "सभागृहातलं, का वऱ्हांड्यातलं?"

...

महांतेशने तळहाताकडे पाहिलं. मूठ दाण्यांनी भरली होती. केव्हा भरली, ते त्याला समजलं नव्हतं.

"उद्या ट्रक येतोय, अज्जा."

"येऊ दे की. ड्रायव्हरला वर जेवायला पाठव. आमटी-भात आहे."

"आणि मी?"

अज्जांनी त्याच्याच खिशातला रुमाल काढला, दाणे त्यात घातले आणि गाठ मारून दिली. लहानपणी सुट्टीला घरी जाताना द्यायचे तशी.

"अक्काला दे. आणि शेजारी बस."

महांतेश पाया पडला. पायऱ्या उतरला. अंगणात पडलेला सदरा उचलून त्याने झटकला आणि दोरीवर टाकला. मग मागे वळला. मोठमोठ्या टेबलांशी बसणारा हा माणूस आता बोर्डिंगातल्या पोरासारखा घाबराघुबरा दिसत होता.

"आणि तरी ती बोललीच नाही तर, अज्जा?"

अज्जा अजून चटईवरच बसले होते, त्याच्या रिकाम्या जागेशेजारी. त्यांनी आणखी एक शेंग उचलली.

"मग परिषद अजून चालूच आहे की, बाळ."